दोन हजारांच्या आत वायरचा इअरफोन: गेमलाही चालेल, गाण्यांनाही

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर इअरफोन मागितला की दुकानदार चार डबे काचेवर मांडतो. एकावर ‘एक्स्ट्रा बेस’, दुसऱ्यावर ‘७.१ सराउंड’, तिसऱ्यावर ‘ड्युअल ड्रायव्हर’, चौथ्यावर ‘गेमिंग एडिशन’. गिऱ्हाईक विचारतं, “भाऊ, यामा बेस कसा शे?” आणि सौदा तिथेच ठरतो. या चारही शब्दांवरून आवाज कसा असेल ते कळत नाही. आवाज ठरतो मुख्यतः दोन गोष्टींवर. इअरफोन तुमच्या कानात घट्ट बसतो का, ही पहिली. कंपनीने जाड आवाज, मधला आवाज आणि बारीक आवाज एकमेकांच्या मानाने किती ठेवले आहेत, ही दुसरी. या दोन जमल्या तर गेमसाठी वेगळा आणि गाण्यांसाठी वेगळा इअरफोन घ्यायची गरज पडत नाही.

हे सगळं मी कानाच्या नळीत रबर जाणाऱ्या इअरफोनबद्दल सांगतोय. कानाच्या वाटीत नुसता टेकणारा, पूर्वी फोनच्या डब्यात फुकट यायचा तो प्रकार वेगळा. स्टेजवर गाणारे-वाजवणारे स्वतःचा आवाज ऐकायला कानात जे घालतात त्याला इन-इअर मॉनिटर, थोडक्यात आयईएम म्हणतात. त्याच घडणीचे, कानावरून वायर घ्यायचे इअरफोन चिनी कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत अगदी स्वस्त केले आहेत. मूनड्रॉप, केझेड, टँगझू, ट्रुथिअर, सेव्हनहर्ट्झ ही त्यातली नावं. आपल्याकडच्या दुकानांत ती फारशी दिसत नाहीत, पण ऑनलाइन मिळतात.

वायरच का?

ब्लूटूथमध्ये फोन आधी आवाज दाबून लहान करतो, तुकड्या-तुकड्यांनी पाठवतो, इअरफोन ते तुकडे साठवून पुन्हा उलगडतो आणि मग वाजवतो. या सगळ्यात साधारण १५० ते २०० मिलिसेकंद जातात. ‘गेम मोड’ असला तर कमी, पण शून्य कधीच नाही. यूट्यूबवर हा उशीर जाणवत नाही, कारण ॲप चित्रही तेवढंच मागे ठेवतं. गेममध्ये चित्र मागे ठेवता येत नाही, कारण पुढे काय होणार ते तुमच्या बोटावर असतं. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, चालणाऱ्या गेममध्ये २०० मिलिसेकंद म्हणजे १२ फ्रेम. समोरच्याने दार उघडल्याचा आवाज तुमच्या कानापर्यंत येतो, तोवर तो आत आलेला असतो. वायरमधून आवाज विजेच्या रूपात जातो, तिथे असा थांबा नाही.

दुसरी अडचण कमी लोकांना माहीत असते आणि माझ्या मते ती जास्त मोठी आहे. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये चांगला स्टिरिओ आवाज एकाच दिशेने जातो, फोनकडून कानाकडे. इअरफोनचा माइक चालू केला की सगळं जोडकाम कॉलच्या पद्धतीवर उतरतं आणि आवाज फोनवर बोलल्यासारखा चपटा, डावा-उजवा फरक नसलेला होऊन जातो. लॅपटॉपवर तर हे हमखास होतं. टीममध्ये बोलायला माइक लावला आणि पावलं कुठून येताहेत ते कळेनासं झालं, असं ज्यांच्या बाबतीत झालंय त्यांना वाटतं इअरफोन खराब आहे. तो खराब नसतो. वायरच्या इअरफोनमध्ये माइकची तार वेगळी असते, त्यामुळे बोलणं आणि ऐकणं एकमेकांच्या वाटेत येत नाही.

आधी कानात बसू द्या

आता सगळ्यात महत्त्वाचं. इअरफोनमधला थरथरून आवाज काढणारा पडदा जेमतेम १० मिलिमीटरचा असतो. एवढासा पडदा बेस देऊ शकतो, कारण त्याला खोलीभर हवा हलवायची नसते, कानाच्या नळीत कोंडलेली चिमूटभर हवा दाबायची असते. रबर आणि कान यांच्यात फट राहिली की तो दाब निसटतो. मोटर कितीही चांगली असली तरी सक्शन पाइपाने हवा घेतली की पाणी चढत नाही, तसंच इथे होतं. गंमत म्हणजे फटीतून पळतो तो फक्त जाड आवाज. बारीक आवाज जसाच्या तसा राहतो. म्हणून नीट न बसलेला चांगला इअरफोन पातळ, कर्कश, डबड्यासारखा वाजतो, आणि लोक त्याला ‘बेस नाही’ म्हणून परत करतात.

डब्यात रबराच्या तीन जोड्या येतात: लहान, मध्यम, मोठी. मध्यम आधीच चढवलेली असते आणि बहुतेक लोक बाकीच्या दोन जोड्या डब्यासकट कपाटात टाकतात. तसं करू नका. एका हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, दुसऱ्या हाताने इअरफोन थोडा फिरवत आत सरकवा, मग पाळी सोडा. आता स्वतःच बोलून बघा. तुमचाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा, जड ऐकू आला तर कान बंद झाला. नेहमीसारखाच ऐकू आला तर फट आहे, मोठं रबर लावा. दोन्ही कान सारखे नसतात. एका कानात मध्यम आणि दुसऱ्यात मोठं रबर लागणं अगदी नेहमीचं आहे. अर्ध्या तासाने कान दुखायला लागला तर मात्र रबर मोठं होतंय किंवा इअरफोनचं अंग तुमच्या कानाच्या वाटीपेक्षा मोठं आहे. ज्यांचे कान लहान आहेत त्यांनी केझेडच्या काही जाडजूड मॉडेलपेक्षा मूनड्रॉप चू २ सारखं छोटं अंग बघावं.

वायर कानावरून मागे घ्यायची सवय लागायला थोडे दिवस जातात, पण त्याचा फायदा आहे. वायर शर्टाला घासली की खरखर थेट कानात येते. कानावरून घेतली की ती बरीच कमी होते, आणि ओढ बसली तरी इअरफोन निघून पडत नाही.

खानदेशात याला आणखी एक बाजू आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो आणि घरोघरी कूलर चालू असतो. कूलरची घरघर म्हणजे सतत वाजणारा जाडसर आवाज, आणि गेममधल्या बारीकसारीक आवाजांवर तो पांघरूण घालतो. कान नीट बंद करणारं रबर ही घरघर बरीच अडवतं, त्यामुळे आवाज वाढवायची गरज पडत नाही. याच उन्हाळ्यात घामाने सिलिकॉनचं रबर घसरतंही. अशा वेळी फोमची टोकं, म्हणजे दाबून आत घातली की फुगून बसणारी, जास्त पकड घेतात. ती लवकर मळतात आणि काही महिन्यांत बदलावी लागतात, पण खर्च फार नाही. तुमच्या टीमला मात्र कूलर ऐकू जातोच, कारण माइक बाहेर आहे. बोलताना वायरवरचा माइक तोंडाजवळ धरा आणि कूलरच्या झोतात बसू नका, एवढंच त्यावर करता येतं.

डब्यावरचा ‘२० ते २०,००० हर्ट्झ’

हा आकडा जवळजवळ प्रत्येक डब्यावर असतो, शंभर रुपयांच्याही. आवाज किती जाड किंवा बारीक, ते हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाचा कान साधारण तेवढंच ऐकतो, आणि वय वाढलं की वरचं टोक कमी होत जातं. पण या टोकांच्या मधे कुठला आवाज किती जोरात आहे, ते हा आकडा सांगत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

त्यासाठी मी कीर्तनाचं किंवा भजनाचं एखादं स्वच्छ रेकॉर्डिंग लावायला सांगतो. मुक्ताईची पालखी निघते तेव्हा आपल्याकडे जे ऐकू येतं, तेच: पखवाज, गायक आणि टाळ. पखवाजाच्या डाव्या, कणीक लावलेल्या तोंडाचा घुमारा म्हणजे बेस. गायकाचा गळा म्हणजे मधला भाग. टाळांची किणकिण म्हणजे ट्रेबल. चांगल्या इअरफोनमध्ये डाव्या तोंडाची थाप पडते आणि थांबते. वाईटमध्ये ती पसरते आणि पुढचे दोन शब्द गिळते. गायक तुमच्या समोर उभा असल्यासारखा वाटायला हवा, पडद्यामागे नाही. आणि टाळ ऐकताना एक टाळ दुसऱ्यापासून वेगळा ओळखता यावा. नुसती ‘स्स्स’ अशी एकच फवारणी झाली किंवा ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरं कानाला टोचली, तर ट्रेबल चुकलाय. पाच मिनिटांच्या या परीक्षेतून जे कळतं, ते डब्यावरच्या कुठल्याच आकड्यातून कळणार नाही.

बहुतेक लोकांना कुठलं प्रमाण आवडतं यावर स्पीकर-हेडफोन बनवणाऱ्या हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह यांच्या गटाने बरंच काम केलं. शेकडो लोकांना वेगवेगळे आवाज ऐकवून त्यांनी पसंतीची एक रेषा काढली. तिला हार्मन कर्व्ह म्हणतात. थोडा उचललेला बेस, स्वच्छ मधला भाग, बोचणार नाही इतका ट्रेबल, असं तिचं ढोबळ रूप आहे. आज स्वस्त आयईएम चांगले वाजतात याचं एक मोठं कारण हेच, की पोचायचं कुठे ते बनवणाऱ्यांना माहीत झालं. ही रेषा म्हणजे नियम नव्हे. कुणाला बेस जास्त आवडतो, कुणाला कमी, आणि अहिराणी लग्नगीतं डीजेवर ऐकून वाढलेल्या पोराला बेस जास्तच लागतो.

मग गेमसाठी जास्त बेस वाईट का? याचं उत्तर कानाच्या आत आहे. आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक नळी असते. तिच्या सुरुवातीच्या भागात बारीक आवाज ओळखला जातो आणि पार शेवटच्या टोकाला जाड आवाज. म्हणजे जाड आवाजाची लाट शेवटपर्यंत जाताना बारीक आवाजाच्या जागेतून जाते आणि जोरात असेल तर ती जागा हलवून टाकते. त्यामुळे जाड आवाज बारीक आवाजाला झाकतो. उलट तितकंसं होत नाही. बीजीएमआयसारख्या गोळीबाराच्या गेममध्ये ग्रेनेड फुटतो, गाडीचं इंजिन घरघरतं, हे जाड. गवतातली सळसळ, लाकडी जिन्यावरचं पाऊल, मॅगझिन बदलल्याची खट, यातलं ओळखीचं असं जे असतं ते मधल्या आणि बारीक भागात. ‘एक्स्ट्रा बेस’वाला इअरफोन स्फोट जबरदस्त ऐकवतो आणि तुमच्या मागे आलेला माणूस लपवतो.

म्हणून माझं सांगणं असं, की इअरफोन तोलाचा घ्या आणि बेस हवा तेव्हा इक्वलायझरने, म्हणजे जाड-मधला-बारीक आवाज वेगवेगळा कमी-जास्त करणाऱ्या ॲपने, वाढवा. एका साध्या पडद्याचा चांगला इअरफोन चार-पाच डेसिबल बेस सहज पेलतो. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं ॲप आहे, विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतं. गाण्यांसाठी एक सेटिंग, गेमसाठी एक. मुळात फुगवलेला बेस असलेला इअरफोन उलट दिशेने सुधारायला गेलात तर ते काम तितकं सोपं नसतं, कारण अशा इअरफोनांत मधला भागच बऱ्याचदा गढूळ असतो.

मागून आला की पुढून?

कान दोनच आहेत, तरी आपल्याला दिशा कळते. डावीकडचा आवाज उजव्या कानापर्यंत जरा उशिरा पोचतो. हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतो, आणि मेंदू तो पकडतो. शिवाय डोकं आड आल्याने तो उजव्या कानात थोडा कमी येतो. पण पुढचा आणि मागचा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी, सारखाच पोचतो. तिथे कानाच्या पाळीच्या घड्या कामाला येतात. मागून येणारा आवाज त्यांच्यावरून वळून येताना थोडा बदलतो. इअरफोन थेट नळीत वाजतो, त्यामुळे पाळीचं काम कुणीतरी दुसऱ्याने करावं लागतं. ते गेम करतो, गणित करून. त्याला एचआरटीएफ म्हणतात आणि व्हॅलोरंट या कॉम्प्युटर गेमच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ते नावानिशी आहे.

म्हणून इअरफोनवरच्या ‘७.१’ला, म्हणजे भोवती आठ स्पीकर असल्यासारख्या आवाजाच्या दाव्याला, काही अर्थ नाही. कानात दोनच बाजू वाजतात आणि दिशा सॉफ्टवेअर देतं. उलट, गेमचं एचआरटीएफ चालू असताना विंडोजचं किंवा फोनचं ‘सराउंड’ही चालू ठेवलं तर दोनदा गणित होतं आणि दिशा विस्कटते. दोन्हींपैकी एकच चालू ठेवा. इअरफोनकडून तुम्हाला फक्त एक हवं असतं: डावा आणि उजवा अगदी सारखे असावेत. बातम्या देणाऱ्याचा आवाज लावून डोळे मिटा. तो बरोबर मध्यभागी, नाकाच्या रेषेत वाटला तर ठीक. एका बाजूला झुकला तर आधी रबर तपासा, मग बदलून मागा.

ड्रायव्हर, म्हणजे इअरफोनमधला आवाज काढणारा भाग, किती आहेत या प्रश्नावर फार वेळ घालवू नका. पडदा, चुंबक आणि तारेचं वेटोळं असलेला डायनॅमिक ड्रायव्हर हा साधा प्रकार; बॅलन्स्ड आर्मेचर हा तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, बारीक आवाजात तरबेज असलेला प्रकार. दोन-तीन ड्रायव्हर एकत्र सुरात आणणं महाग काम आहे. या किमतीत एकच चांगला डायनॅमिक ड्रायव्हर बहुतेक वेळा सरस ठरतो.

पिन

घ्यायच्या आधी तुमच्या यंत्राला कुठलं होल आहे ते बघा. ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर काळ्या रेघा मोजा. दोन रेघा असतील तर माइक नाही, तीन असतील तर माइक आहे. फोनला आणि बहुतेक लॅपटॉपला तीन रेघांची पिन थेट चालते. जुन्या धाटणीच्या डेस्कटॉपला मात्र हिरवं आणि गुलाबी अशी दोन होलं असतात. हिरव्यात पिन घातली तर ऐकू येतं, पण माइक चालत नाही. त्याला एका पिनेच्या दोन करणारा, पन्नास-शंभर रुपयांचा वाय स्प्लिटर लागतो. आयईएम ऑनलाइन घेताना ‘विथ माइक’ आणि माइकशिवाय असे दोन पर्याय असतात, आणि घाईत चुकीचा निवडला जातो.

नुसतं टाइप-सी असलेल्या फोनला अडॅप्टर लागतो, आणि तो आत चिप असलेला, म्हणजे डीएसीवाला घ्या. बिनचिपचा स्वस्त तुकडा बऱ्याच फोनवर मुकाच राहतो. ॲपलचा छोटा अडॅप्टर आवाजाला उत्तम आहे, पण अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज कमी येतो. खेळता खेळता चार्जिंग लागणार असेल तर दोन तोंडांचा, चार्जिंगही घेणारा अडॅप्टर बघा. ओहम, सेन्सिटिव्हिटी या आकड्यांनी गोंधळू नका: १६ ते ३२ ओहमचे हे इअरफोन फोनवर पुरेसे जोरात वाजतात, आवाजाला जोर देणारा वेगळा ॲम्प लागत नाही. लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर कानात घुंई येत असेल तर चार्जर काढून बघा. थांबली तर दोष इअरफोनचा नाही, घरातल्या अर्थिंगचा किंवा चार्जरचा आहे.

पैसे किती?

पाचशे रुपयांत जेबीएल, बोट वगैरे कंपन्यांचे नेहमीचे वायरवाले मिळतात. कॉलला, क्लासला ठीक, पण बहुतेकांचा बेस फुगवलेला असतो आणि वायर कायमची चिकटलेली. हजाराच्या आसपास केझेड ईडीएक्स प्रो सारखे येतात. ते चटपटीत वाजतात, ट्रेबल काहींना टोचतो. दीड ते दोन हजारांच्या आसपास खरा फरक पडतो. मूनड्रॉप चू २, टँगझू वानर, ट्रुथिअर गेट, सेव्हनहर्ट्झ झिरो २ हे त्या गटातले. वानर थोडा ऊबदार, गळ्यावर भर देणारा. झिरो २ मध्ये आधीच्या झिरोपेक्षा बेस जास्त. मला विचाराल तर गेम आणि गाणी दोन्हींसाठी या गटातला, कानाला बसेल असा कुठलाही घ्या, आणि त्याच्या वरचे पैसे चांगल्या रबरांवर खर्च करा. किंमत सेलमध्ये खाली-वर होते. बदलून देण्याचा नियम आधी वाचा; कानात घालायची वस्तू म्हणून काही विक्रेते परत घेत नाहीत.

या गटातल्या बहुतेकांची वायर काढता येते; ०.७८ मिलिमीटरच्या दोन बारीक पिना असतात. इअरफोन बिघडतो तो बहुतेक वेळा वायरने, पिनेच्या मुळाशी किंवा माइकजवळ. वायर सुटी असली तर दोन-तीनशे रुपयांत काम होतं, नाहीतर अख्खा इअरफोन जातो. बोटाभोवती करकचून गुंडाळू नका, सैल वेटोळं करा, आणि काढताना वायर न ओढता पिन धरून काढा.

आवाजाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचं माप असं आहे: ८० डेसिबल आठवड्याला ४० तास. ९० डेसिबलला तेच ४ तासांवर येतं, कारण दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. नंदुरबार-भुसावळ पॅसेंजरमध्ये उघड्या खिडकीशी बसून सैल इअरफोनवर गाणं ऐकणारा माणूस गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवत जातो आणि त्याला ते कळतही नाही. नीट बसलेला इअरफोन इथे कान वाचवतो. पण तोच इअरफोन फाटकावर, रुळांजवळ आणि गाडी चालवताना काढून खिशात ठेवायचा. बाहेरचा हॉर्न त्यातून खरंच ऐकू येत नाही.

काही महिन्यांनी एका बाजूचा आवाज कमी झाला तर लगेच नवीन घेऊ नका. रबर काढा आणि नळीच्या तोंडावरची बारीक जाळी उजेडात बघा. बहुतेक वेळा तिथे कानातला मळ किंवा घामाचा थर असतो. जाळी खाली तोंड करून धरा, म्हणजे मळ आत न जाता बाहेर पडेल, आणि कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झटका. रबरं साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवून मगच चढवा.